‘वॉर्म’ : घामापासून जिव्हाळ्यापर्यंत



या सदरात आपण दर महिन्याला एक शब्द घेतो. तो कुठून आला हे पाहतो, आणि आपल्या घरात त्याचे काय काम आहे याचाही थोडा विचार करतो. या वेळचा शब्द आहे ‘वॉर्म’. त्याचे नाम ‘वॉर्म्थ’. इंग्रजी माध्यमात शिकणाऱ्या मुलांच्या पुस्तकांत हा शब्द जागोजागी येतो. ‘वॉर्म वेलकम’ म्हणजे काय, असे मुलांना विचारले की बहुतेक जण सांगतात, ‘गरम स्वागत’. मे महिन्यात सक्करदरा चौकात दुपारी बारा वाजता जो उतरतो त्याचे गरम स्वागत आमचे नागपूर आपोआपच करते, त्यासाठी माणसांची गरज नाही! मग इंग्रज ज्याला वॉर्म म्हणतो ते नेमके काय, आणि आपण त्याला काय म्हणावे?

आधी शब्दाची वंशावळ पाहू. वॉर्म हा इंग्रजीतला फार जुना शब्द आहे. जर्मन आणि डच भाषांतही तो जवळजवळ याच रूपात सापडतो. म्हणजे तो इंग्रजीने कुणाकडून उसना घेतलेला नाही, तो तिच्या घरचाच आहे. आता आपल्या बाजूने निघू. मराठीत ‘घाम’ हा शब्द संस्कृत ‘घर्म’ यावरून आला. घर्म म्हणजे उष्णता. उष्णतेने अंगातून जे पाणी निघते त्यालाच आपण पुढे घाम म्हणू लागलो. फारसीत याच शब्दाचा भाऊ ‘गर्म’. तोच मराठीत ‘गरम’ होऊन आला आणि इतका मुरला की गरम मसाल्याशिवाय आपली भाजी होत नाही. ग्रीक भाषेत याच कुळातला शब्द ‘थर्मॉस’. त्यावरून ताप मोजायचा थर्मामीटर आणि चहा गरम ठेवायचा थर्मास. लॅटिनमध्ये ‘फॉर्मुस’ म्हणजे गरम, आणि कारखान्यातली भट्टी म्हणजे ‘फर्नेस’ हा शब्द त्याच घराण्यातला.

म्हणजे एकच मूळ ध्वनी, तो संस्कृतात ‘घ’ झाला, फारसीत ‘ग’, ग्रीकमध्ये ‘थ’ आणि लॅटिनमध्ये ‘फ’. या भाषा एकमेकींच्या बहिणी असाव्यात, हा विचार सर विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कोलकात्यात एशियाटिक सोसायटीसमोर मांडला, आणि तेव्हापासून या नात्यांचा पद्धतशीर अभ्यास सुरू झाला. इंग्रजी ‘वॉर्म’ हाही याच कुळातला, असे अनेक विद्वान मानतात. काहींचे म्हणणे असे की तो ‘जळणे’ या अर्थाच्या दुसऱ्या एका मुळापासून आला. हा वाद अजून मिटलेला नाही. पण घाम, गरम, थर्मामीटर आणि फर्नेस ही चुलत भावंडे आहेत, याबद्दल वाद नाही. घामाने डबडबलेला माणूस तापलेल्या मुलाच्या काखेत थर्मामीटर लावतो तेव्हा संस्कृत आणि ग्रीक एकाच खाटेवर बसलेल्या असतात.

आता अर्थाकडे येऊ. इंग्रजीत उष्णतेच्या पायऱ्या आहेत. ‘हॉट’ म्हणजे चटका देणारे. ‘वॉर्म’ म्हणजे अंगाला बरे वाटेल इतके. त्याखाली कोमट, मग ‘कूल’, मग ‘कोल्ड’. स्वभाव सांगतानाही याच पायऱ्या कामी येतात. तापट माणूस हॉट, मायाळू माणूस वॉर्म, आणि ज्याला कशाचेच सोयरसुतक नाही तो कोल्ड. मराठी ‘गरम’मध्ये ही वाटणी नाही. चहाही गरम आणि डोकेही गरम. म्हणूनच ‘गरम स्वागत’ म्हटले की आपल्या कानाला शिव्यांचा भास होतो.

इंग्रजांनी मायेला उष्णतेचे नाव का दिले, हे त्यांच्या हवेवरून कळते. तिकडे वर्षातले कितीतरी महिने गारठ्याचे. बाहेरून आलेल्या माणसाला शेकोटीजवळ जागा देणे, हाच त्याचा सर्वांत मोठा सत्कार. नव्या घरात राहायला गेल्यावर जी मेजवानी देतात तिला इंग्रजीत ‘हाउस-वॉर्मिंग’ म्हणतात, म्हणजे सरळ अर्थाने घर गरम करणे. इराणच्या पठारावरही बर्फ पडतो. तिथल्या फारसीतून आपल्या उर्दूत ‘गर्मजोशी’ आली. ‘गर्मजोशी से इस्तकबाल’ म्हटले की उर्दू बोलणाऱ्या कुणाला ते खटकत नाही. थंड देशाचा शब्द आहे, तो त्या देशात शोभतो.

पण आपला मुलूख वेगळा. विदर्भात उन्हाळा म्हणजे नुसता ऋतू नसतो, ती परीक्षा असते. पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, रस्ते ओस पडतात, घरोघरी कूलरमध्ये पाणी भरण्याची पाळी लागते, ऊन लागू नये म्हणून जुनी माणसे खिशात कांदा ठेवतात. अशा ठिकाणी पाहुणा दारात आला तर त्याला उष्णता कोण देईल? आपण आधी पाण्याचा तांब्या पुढे करतो, मग पन्हे, मग बोलणे. म्हणून आपल्या भाषेत मायेचे शब्द पाण्याकडे आणि गारव्याकडे वळले आहेत. मुलगा परदेशातून आला की आईचे डोळे ‘निवतात’. चांगली बातमी ऐकली की जीव ‘निवतो’. हेच निवणे ताटातल्या भातालाही लागू आहे, म्हणजे तापलेले शांत होणे. आपल्या घरांतून बोलल्या जाणाऱ्या उर्दूतही ‘कलेजे को ठंडक पडी’ हेच आहे.

दोन माणसांतल्या प्रेमाला मराठीत ‘ओलावा’ म्हणतात. तो आटला की नाते ‘कोरडे’ होते. कोरडे उत्तर, कोरडी सहानुभूती, कोरडे बोलणे, हे सारे शब्द इंग्रजी ‘कोल्ड’च्या जागी आपल्याकडे आधीपासून आहेत. वर्तमानपत्रांतला ‘थंड प्रतिसाद’ मात्र इंग्रजीवरून आलेला दिसतो. ‘जिव्हाळा’ हा तर फार सुंदर शब्द आहे. नखाखालचा जो कोवळा, जिवंत भाग असतो त्याला जिव्हाळा म्हणतात. तिथे जरा टोचले तरी कळ थेट काळजात जाते. ज्याच्याशी जिव्हाळा आहे त्याला लागले की आपल्याला दुखते, एवढी गोष्ट त्या एका शब्दात आहे.

अरबस्तान हा वाळवंटाचा मुलूख. तिथेही हेच दिसते. सूरह फुरकानच्या ७४ व्या आयतीत जी दुआ आहे ती आपल्यापैकी अनेकांना पाठ आहे. तिच्यात अल्लाहकडे असे मागणे आहे की आमचे जोडीदार आणि आमची मुले ही आमच्या डोळ्यांचा गारवा ठरोत. ‘कुर्रत’ या अरबी शब्दात थंडाव्याचा अर्थ आहे. दानधर्मातही पाण्याची जागा वरची. हजरत साद बिन उबादा (रजि.) यांची आई वारली. त्यांनी प्रेषित मुहम्मद (स.) यांना विचारले की आईच्या नावाने कोणता सदका सर्वांत चांगला. उत्तर मिळाले, पाणी. साद यांनी आईच्या नावाने विहीर खोदली. उन्हाळ्यात आपल्या चौकाचौकांत माठ ठेवून पाणपोई चालवणारी मुले याच वाटेने जात असतात, त्यांना हे माहीत असो वा नसो.

म्हणजे यातून एक गोष्ट हाती लागते. जिथे जे कमी असते, तिथे मायेला त्याचे नाव मिळते. गारठ्याच्या देशात माया म्हणजे ऊब, वाळवंटात माया म्हणजे गारवा, पावसाकडे डोळे लावून बसलेल्या शेतकऱ्याच्या भाषेत माया म्हणजे ओलावा. शब्द वेगवेगळे, पण सगळ्यांचा मतलब एकच : समोरच्याकडे जे नाही ते त्याला द्यावे.

आपल्याकडे गारठा अजिबात नाही असे मात्र नाही. डिसेंबर-जानेवारीत नागपूरची रात्र चांगलीच बोचरी असते. फुटपाथवर तिबेटी बांधव स्वेटर-मफलर घेऊन बसतात आणि घरात गोधड्या निघतात. त्या दिवसांसाठी मराठीत ‘ऊब’ हा नेमका शब्द आहे. कोंबडी अंड्यांवर बसून ती ‘उबवते’, त्यातही हाच शब्द. भट्टीत उष्णता असते, पण भट्टीची ऊब असे आपण म्हणत नाही. ऊब गोधडीची असते, आईच्या कुशीची असते. पवित्र कुरआनमध्ये सूरह नहलच्या ५ व्या आयतीत गुराढोरांची नेमत सांगताना आधी त्यांच्यापासून मिळणाऱ्या उबेचा उल्लेख आहे, मग इतर फायद्यांचा. तिथला अरबी शब्द आहे ‘दिफ’. लोकरीचे कपडे, कातड्याचे पांघरूण, सगळे त्यात आले.

आणि ऊब म्हटली की मुसलमानाला हजरत खदीजा (रजि.) आठवल्याशिवाय राहू नयेत. हिरा गुहेत पहिली वह्य उतरली आणि प्रेषित (स.) थरथरत घरी आले. त्यांनी पांघरूण घालायला सांगितले. हजरत खदीजांनी काय केले, याचा क्रम सही बुखारीतल्या हदीसवरून कळतो. आधी पांघरूण घातले गेले, भीती ओसरेपर्यंत वाट पाहिली गेली. मग हकीकत ऐकून त्यांनी धीर दिला : अल्लाह तुम्हाला कधी एकटे पाडणार नाही, कारण तुम्ही नाती जोडता, दुबळ्यांचे ओझे उचलता, पाहुण्यांचा आदर करता, अशा आशयाचे त्यांचे बोल होते. त्यानंतर त्या त्यांना जाणकार वृद्ध वरका बिन नौफल यांच्याकडे घेऊन गेल्या.

हा क्रम आपल्या घरांसाठी मोठा धडा आहे. माणूस हादरून घरी येतो. नोकरी गेलेली असते, परीक्षेत नापास झालेला असतो, डॉक्टरांनी काहीतरी वाईट सांगितलेले असते. आपण बहुतेक वेळा प्रश्नांपासून सुरुवात करतो : काय झाले, कसे झाले, मी आधीच सांगितले नव्हते का? हजरत खदीजांच्या घरात आधी पांघरूण आले. धीराचे शब्द त्यानंतर आले, आणि तेही पोकळ नव्हते. समोरच्या माणसाने आयुष्यात जे चांगले केले होते त्याची त्याला आठवण करून देणारे होते. सल्ला तर सर्वांत शेवटी. इंग्रजीतला ‘वॉर्म्थ’ मुलांना समजावून सांगायचा असेल तर याहून चांगले उदाहरण आम्हाला सुचत नाही.

आता एका अवघड शब्दाकडे येऊ. अरबीत ‘हमीम’ असा शब्द आहे. आंघोळीच्या जागेला आपण ‘हमाम’ म्हणतो, तोही याच धातूचा. हमीमचा एक अर्थ उकळते पाणी. सूरह मुहम्मदच्या १५ व्या आयतीत जहन्नममधल्या लोकांना जे पाणी प्यायला मिळेल त्याचे वर्णन याच शब्दाने केले आहे. आणि हमीमचा दुसरा अर्थ आहे जिवलग, जवळचा दोस्त. एकाच शब्दात आतडी जाळणारे पाणी आणि जीव लावणारा मित्र! अरबी कोशकार याचे कारण असे सांगतात की आपल्या माणसावर काही बेतले की जो त्याच्यासाठी तापून उठतो, तो हमीम. उष्णता तीच, ती माणसाच्या बाजूने आहे की विरोधात, एवढाच फरक.

हा दुसरा अर्थ सूरह फुस्सिलतच्या ३४ व्या आयतीत येतो. भलाई आणि बुराई समान होत नाहीत. वाईटाला अधिक चांगल्या वागण्याने उत्तर दिले, तर ज्याच्याशी वैर आहे तो माणूसही जणू जिवलग दोस्त होऊन जातो, असा तिचा आशय आहे. लगेच पुढच्या आयतीत सांगितले आहे की ही गोष्ट ज्यांच्या अंगी सब्र आहे त्यांनाच लाभते. म्हणजे काम सोपे आहे असा दिलासा कुरआन देत नाही.

सक्करदऱ्यात काय किंवा तुमच्या मोहल्ल्यात काय, असे एखादे घर असतेच. एकाच छताखाली दोन भाऊ, मध्ये एक भिंत, दोन चुली. अब्बांच्या माघारी खोलीच्या वाटणीवरून शब्द वाढले आणि बोलणे बंद झाले. ईदला एकमेकांची मुले समोरून जातात आणि मोठी माणसे मान वळवतात. यातला प्रत्येक जण म्हणतो, त्याने आधी यावे. मोबाईलवर मात्र दोघेही जगभर ‘वॉर्म विशेस’ पाठवत असतात! सही बुखारीत हदीस आहे की बरोबरीची परतफेड करणारा हा नाते जोडणारा नाही. नाते तोडले गेले असतानाही जो जोडतो, तोच खरा नाते जोडणारा. यालाच आपण सिलारहमी म्हणतो. सूरह मआरिजच्या १० व्या आयतीत कयामतच्या दिवसाचे वर्णन आहे : त्या दिवशी कुणी हमीम आपल्या हमीमची विचारपूस करणार नाही. विचारपूस करायची सवलत आहे ती आज, इथे. तेवढ्यासाठी वाटणीचा हक्क सोडावा लागत नाही. हिशेब हिशेबाच्या जागी राहू द्या, पण सलाम बंद करू नका.

एक उदाहरण आमच्याच वस्तीच्या इतिहासातले आहे. नागपूरकर भोसल्यांचे राज्य इंग्रजांनी १८५४ साली खालसा केले. राज्य गेले तरी घराणे राहिले, आणि सक्करदऱ्याचा राजवाडाही राहिला. १८६१ साली कामठीत जन्मलेले हजरत बाबा ताजुद्दीन (रह.) यांना १८९२ मध्ये नागपूरच्या वेड्यांच्या इस्पितळात टाकले गेले होते. तिथे त्यांची सोळा वर्षे गेली. १९०८ साली राजे रघुजीराव भोसले यांनी रीतसर जामीन भरून त्यांना सोडवले आणि सक्करदऱ्याच्या आपल्या राजवाड्यात आणून ठेवले. मधला काही काळ बाबा वाकी येथे राहिले, पण परत सक्करदऱ्यालाच आले, आणि इथेच १७ ऑगस्ट १९२५ रोजी त्यांचे निधन झाले. उमरेड रस्त्यावरच्या ताजबागेत त्यांची मजार आहे.

दर्गे आणि उरूस यांविषयी आपल्या वाचकांची मते वेगवेगळी आहेत. तो या सदराचा विषय नाही. आम्हाला इथे राजे रघुजीरावांचे वागणे पाहायचे आहे. एक मराठा राजा. समोर एक मुसलमान फकीर, सरकारी कागदावर वेडा ठरलेला. त्यांना बाहेर काढून एखाद्या आश्रमात पोहोचवले असते, महिन्याला काही रक्कम बांधून दिली असती, तरी लोकांनी नाव घेतले असते. रघुजीरावांनी त्यांना स्वतःच्या घरात जागा दिली. त्यांच्यामागे येणाऱ्या सर्व धर्मांच्या लोकांसाठी वाड्याचे दार उघडे झाले. सोळा वर्षे कोठडीत काढलेल्या माणसाकडे जे नव्हते, ते घर होते. राजाने तेच दिले. मोहल्ल्या-मोहल्ल्यांत माणसे एकमेकांच्या घरी जायची थांबत चालली आहेत, त्या काळात ही गोष्ट सक्करदऱ्यातल्या मुलांना, हिंदू असोत की मुसलमान, ठाऊक असायला हवी.

तर ‘वॉर्म’ला मराठीत काय म्हणावे? एक शब्द पुरणार नाही. वॉर्म पाण्याला कोमट म्हणा, वॉर्म कपड्यांना उबदार म्हणा, वॉर्म वेलकमला आपुलकीचे स्वागत म्हणा, वॉर्म माणसाला मायाळू म्हणा आणि नात्यातल्या वॉर्म्थला जिव्हाळा किंवा ओलावा म्हणा. मुलांना एवढे सांगितले की त्यांचे भाषांतर सुधारेल. अर्थ मात्र त्यांना पुस्तकातून कळणार नाही, तो आपल्या वागण्यातून कळेल.

म्हणून या महिन्यासाठी आमची एक छोटी विनंती. आपल्या घरात, गल्लीत किंवा नात्यात असा एक माणूस शोधा ज्याच्याशी बोलणे कोरडे झाले आहे. त्याच्याकडे नेमके काय कमी आहे हे पाहा. कुणाला पांघरूण हवे असेल, कुणाला कान देऊन ऐकणारा माणूस, कुणाला फक्त दारातून दिलेला सलाम. ते घेऊन जा. दार उघडेलच असे नाही, आणि पहिल्या खेपेला उघडले नाही तर पुढच्या जुम्याला पुन्हा जा. अल्लाह आपल्या सर्वांना एकमेकांच्या डोळ्यांचा गारवा बनवो. आमीन.